एक्के हरतात तेव्हा

स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने लिहावयाचे म्हणजे लसीकरण, आहार किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखादा विषय असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. यंदा मात्र मी पत्त्यांपासून सुरुवात करणार आहे. प्रारंभीच खुलासा केलेला बरा. मी पैसे लावून खेळत नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतर आमच्या घरी तीन पत्तीचा डाव बसे, तो चिंचोक्यांवर. आणि त्यातही माझे चिंचोके सर्वांत आधी संपत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंदी घालणारा कायदा केला, त्याचे मी मनापासून स्वागत केले. कारण मोबाइलवर घरातील पैसा घालविलेल्या मुलांचे पालक माझ्यासमोर बसून रडलेले मी पाहिले आहेत. तेव्हा पुढील मजकुरात कोणी जुगाराची भलामण शोधू नये. मला सांगावयाचे आहे ते आपल्या व्यवसायाविषयी. केवळ ते मला प्रथम नीट उमगले पत्त्यांच्या एका टेबलाशेजारी.

काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय परिषदेच्या निमित्ताने पणजीस जाणे झाले. मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या जहाजांपैकी एकावर त्याच दिवसांत पोकरची स्पर्धा चालू होती आणि पुण्याहून माझा भाचा तीत भाग घेण्यास आला होता. तो संगणक अभियंता. पगार उत्तम, व्यसन नाही, पण हा एक नाद. "तू तिथे आहेसच, तर जरा बघून ये मुलगा काय करतोय ते," अशी ताईची आज्ञा झाली. ताईची आज्ञा मोडण्याची प्रथा आमच्या घरात नाही. सायंकाळी होडीत बसून मी जहाजावर गेलो.

ज्यांना तीन पत्ती ठाऊक आहे त्यांना हा खेळ समजणे कठीण नाही. प्रत्येकाच्या हाती दोनच पाने असतात व ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर सर्वांसाठी म्हणून पाच पाने उघडली जातात. आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचे एक. हातातील दोन आणि टेबलावरील पाच अशा सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर बोली वाढविता येते, डाव सोडून देता येतो, किंवा आपल्यापुढील चिप्सचा सारा ढीग एकदम लावता येतो. टेबलावरील शेवटच्या पानाला खेळाडू 'रिव्हर' म्हणजे नदी म्हणतात. मांडवीवर बसून हे ऐकताना मला गंमत वाटली. स्पर्धेचे प्रवेशशुल्क भरले की सर्वांना सारख्याच चिप्स मिळतात. ज्याच्या संपल्या तो बाद, आणि बक्षीस मिळते ते शेवटपर्यंत टिकणाऱ्या मोजक्यांना.

भाच्याच्या हाती एक्क्यांची जोडी आली. या खेळात प्रारंभी मिळणारा याहून भारी हात नाही, आणि तो सरासरीने २२१ डावांत एकदा येतो. समोरच्या खेळाडूकडे सत्त्यांची जोडी. दोघांनीही टेबलावरील एकही पान उघडण्यापूर्वीच सर्व चिप्स लावल्या व पाने उघडी करून ठेवली. चार पाने उघडली. त्यांत काही नव्हते. पाचवे पान सत्ती! टेबलाभोवती एक सुस्कारा उठला. भाचा उभा राहिला, समोरच्याशी हस्तांदोलन केले आणि बाहेर आला. त्याच दुपारी राजांच्या जोडीवर त्याच्या निम्म्या चिप्स अशाच गेल्या होत्या, असे नंतर कळले. बलवान हात असताना असे हरणे या खेळात इतके परिचयाचे आहे की त्यास 'बॅड बीट' असे स्वतंत्र नावच आहे.

डेकवर उभे असताना मी मामाच्या नात्याने सांत्वन करू लागलो. तो म्हणाला, "मामा, वाईट झालं हे खरं, पण माझं काही चुकलं नाही. सगळ्या चिप्स आत गेल्या तेव्हा पाचांत चार वेळा मीच जिंकणार होतो. हाच डाव पुन्हा आला तर मी पुन्हा हेच करीन." मग त्याने खिशातून एक लहानशी वही काढली आणि दोन्ही डाव लिहिले: हाती काय होते, समोरच्याजवळ काय असावे असे वाटले, लावले ते का लावले. शेवटचा रकाना मात्र त्याने कोरा सोडला. मी विचारले, "निकाल लिहिला नाहीस?" तो म्हणाला, "तो उद्या लिहिणार. आज लिहिला तर त्याच्याकडे बघूनच बाकीचं लिहिलं जातं."

हे त्याचे शेवटचे वाक्य मी पणजीहून इंदूरला बरोबर आणले. गेली कित्येक वर्षे ते माझ्या टेबलावर आहे असे म्हटले तरी चालेल.

थोडा हिशेब करू. ज्या डावात आपली बाजू शंभरात ऐंशी आहे, असा डाव ज्याला लागोपाठ पाच वेळा खेळावा लागतो, तो पाचही वेळा तरून जाण्याची शक्यता किती? ऐंशी शतांशास ऐंशी शतांशाने पाच पदरी गुणले की उत्तर येते सुमारे तेहतीस टक्के. म्हणजे प्रत्येक निर्णय बिनचूक घेणाराही तीनांत दोनदा कोठे ना कोठे अडखळणारच. त्यात अन्याय काही नाही. ते अंकगणित आहे. तथापि ज्याचे एक्के हरतात त्याला ते अंकगणित वाटत नाही, दैवाने मांडलेला वैयक्तिक दावा वाटतो.

या प्रकारचे जगप्रसिद्ध उदाहरण २०१० सालचे आहे. लास वेगास येथील जागतिक स्पर्धेत ७,३१९ खेळाडू उतरले होते. शेवटचे पंधरा उरले असताना मॅट अॅफ्लेक या तरुण अमेरिकन खेळाडूच्या हाती एक्क्यांची जोडी होती आणि कॅनडाच्या जोनाथन ड्युहामेलच्या हाती गुलामांची. टेबलावर चार पाने उघडली होती: दश्शी, नव्वी, सत्ती आणि राणी. अॅफ्लेकने सर्व काही लावले. ड्युहामेलला वाचवू शकतील अशी न दिसलेल्या ४४ पानांत केवळ दहा पाने शिल्लक होती. म्हणजे शक्यता चारांत एकाहूनही कमी. त्याने बराच विचार करून होकार दिला. शेवटचे पान अठ्ठी निघाले, त्याचा क्रम जुळला आणि सुमारे चार कोटी चिप्सचा ढीग त्याच्याकडे गेला. अॅफ्लेक डोळे पुशीत बाहेर पडला. ड्युहामेल पुढे विश्वविजेता झाला; त्यास जवळजवळ नव्वद लाख डॉलर मिळाले. त्याने त्या क्षणी दिलेला होकार शहाणपणाचा होता की नव्हता, याची चर्चा जाणकार आजही करतात. इतरांच्या लेखी मात्र विजेत्याचा प्रत्येक निर्णय विजयी असतो.

आपल्या परंपरेलाही हा भेद अपरिचित नाही. महाभारतातील द्यूत म्हटले की आपल्याला सभापर्वातील युधिष्ठिर आठवतो. मला त्याहून मोलाचे वाटते ते वनपर्वातील नलोपाख्यान. द्यूतात राज्य गमावलेला नल वेश पालटून ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. प्रवासात ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने व फळे किती हे सांगतो. नल रथ थांबवून ती मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे अंतरंग, शिकवितो. त्रिफळ्यातील बेहडा आपल्या परिचयाचा आहे. वेदकाळी त्याचीच फळे फासे म्हणून वापरीत. नलाला नशीब बदलण्याचा मंत्र मिळाला असे कथा म्हणत नाही. त्याला मोजण्याची विद्या मिळाली. नंतरच कली त्याच्या देहातून बाहेर पडला.

आता दवाखान्यात येऊ.

सुमारे अठरा वर्षांपूर्वी एका सायंकाळी तीन वर्षांची एक मुलगी तापासाठी माझ्याकडे आली. ताप एक दिवसाचा. मुलगी खेळत होती, पाणी पीत होती, अंगावर पुरळ नाही, मान मोकळी, नाडी व श्वास तापाच्या मानाने योग्य. अशी मुले माझ्याकडे पावसाळ्यात दिवसाला वीस येतात आणि जवळजवळ सर्व साध्या विषाणुजन्य तापाने तीन दिवसांत बरी होतात. धोक्याची लक्षणे कागदावर लिहून, आईला वाचून दाखवून मी तिला घरी पाठविले. चौदा तासांनी ती परत आली ती अंगावर जांभळे डाग व थंड हातपाय घेऊन. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. जे करावयाचे ते सर्व केले. ती वाचली नाही. बाहेर जमलेल्या लोकांनी काचा फोडल्या. तिचे वडील मात्र एका खुर्चीवर बसून होते. ते एक शब्द बोलले नाहीत.

मी ती रुग्णपत्रिका शंभर वेळा वाचली असेल. दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांना दाखविली. दोघांनीही सांगितले की त्या सायंकाळी आम्हीही तिला घरीच पाठविले असते. बुद्धीला ते पटले, मनाला पटले नाही. त्यानंतर दोन वर्षे मी निराळाच डॉक्टर होतो. ताप घेऊन आलेल्या बहुतेक प्रत्येक मुलाचे रक्त तपासावयाचे, शक्यतो भरती करावयाचे आणि शिरेतून भारी प्रतिजैविक चालू करावयाचे, असा माझा क्रम झाला. पालक खूश होते. डॉक्टर फार काळजी घेतात अशी कीर्ती झाली. त्यातील एका मुलाला अनावश्यक दिलेल्या त्या इंजेक्शनाची तीव्र अॅलर्जी आली. रक्तदाब उतरला, ओठ निळे पडले. अॅड्रिनॅलिन देऊन तो वाचला, परंतु ती दहा मिनिटे मी विसरू शकत नाही.

पोकर खेळणाऱ्यांत यासाठीही शब्द आहे: 'टिल्ट', म्हणजे कलणे. एक्के हरल्यावर खेळाडूचा तोल जातो आणि पुढले डाव तो रागाने किंवा भीतीने खेळतो. भाचा म्हणतो की बॅड बीटने कोणी कंगाल होत नाही, त्यानंतरच्या टिल्टने होतो. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते. त्या मुलीचा मृत्यू माझ्या चुकीने झाला नव्हता. या मुलाच्या जिवावर बेतले ते मात्र माझ्या चुकीने. आणि गंमत अशी की पहिल्याबद्दल काचा फुटल्या, दुसऱ्याबद्दल आभार मानले गेले, कारण मी 'वेळेवर धावलो' होतो.

आता याच्या उलट बाजू. ती सांगावयास अधिक धैर्य लागते.

एका थंडीच्या रात्री एक वाजता फोन आला. आठ महिन्यांचे बाळ, थांबून थांबून कळवळून रडते, दोनदा उलटी झाली. दिवसभराच्या कामाने मी थकलो होतो. न पाहताच, पोटात वायू धरला असेल, थेंब द्या, सकाळी आणा, असे सांगून मी फोन ठेवला. या वयात असे रडणे व उलटी म्हणजे आतड्यात आतडे शिरले नाही ना, ही शंका प्रथम घ्यावयाची असते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. बाळाच्या आजीला माझे उत्तर पटले नाही. तिने मुलाला उठविले, रिक्षा बोलावली आणि अडीच वाजता सारे माझ्या दारात हजर झाले. सोनोग्राफीत निदान झाले, शल्यचिकित्सक मित्राने तेवढ्या रात्री येऊन शस्त्रक्रियेविना आतडे मोकळे केले. तिसऱ्या दिवशी त्या घरून पेढे आले. "डॉक्टरसाहेबांनी बाळ वाचवले," असे ते अजून सांगतात. वाचविले आजीने. मी एक वाईट डाव खेळलो होतो आणि शेवटचे पान मला अनुकूल निघाले एवढेच. ही कथा मी कोणत्याही बैठकीत आजवर सांगितलेली नाही. का सांगावी? निकाल चांगला होता ना!

अशा अनुकूल पानांनी केवळ एखादा डॉक्टर नव्हे, सारे शास्त्रही फसते. १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन नावाचे नवजात शिशुतज्ज्ञ होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तेव्हा डोळ्याच्या पडद्याच्या एका विकाराने अंधत्व येत असे. सिल्व्हरमन यांनी एका बाळाला एसीटीएच हे संप्रेरक दिले आणि त्याची दृष्टी वाचली. मग ३१ बाळांना दिले. २५ चांगल्या दृष्टीने घरी गेली. याहून बलवान हात कोणता? परंतु त्यांनी तेवढ्यावर न थांबता काही बाळांना औषध द्यावयाचे व काहींना नाही, अशी सोडतीने विभागणी करून चाचणी घेतली. आढळले असे की औषधाविनाही बहुसंख्य बाळांचे डोळे आपोआपच सुधारतात, आणि औषध दिलेल्यांतच अंधत्व व मृत्यू अधिक होते. खरे कारण होते मुक्तहस्ते दिला जाणारा प्राणवायू. तेही पुढे अशाच सोडतीच्या चाचणीने, १९५३ ते ५४ मध्ये, सिद्ध झाले. नशिबाने केलेली फसवणूक उघडकीस आणण्यास नशिबाचीच सोडत कामी आली. सिल्व्हरमन मोठे ठरतात ते यामुळे, की निकाल आपल्या बाजूचा असतानाही त्यांनी आपल्या निर्णयावर संशय घेतला.

आपण डॉक्टर तरी एकमेकांचे मूल्यमापन निःपक्षपातीपणे करतो काय? १९९१ मध्ये अमेरिकेत ११२ भूलतज्ज्ञांना काही प्रकरणे वाचावयास दिली होती. प्रत्येक प्रकरणातील उपचारांचा तपशील सारखाच. फरक एवढाच की काहींच्या प्रतीत रुग्णाची इजा तात्पुरती लिहिली होती, काहींच्या प्रतीत कायमची. उपचार तेच असूनही, इजा कायमची असल्याचे वाचणाऱ्यांनी ते अयोग्य ठरविण्याचे प्रमाण अधिक होते. हे सर्व अनुभवी लोक होते. तेव्हा काचा फोडणाऱ्या जमावाला दोष देताना आपणही थोडे आरशात पाहावे. मृत्यूचा आढावा घेणाऱ्या बैठकीत आपण मागील बाकावरून "पण हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते" असे म्हणतो, तेव्हा आपल्याला पाचवे पान दिसलेले असते.

न्यायसंस्थेने हा भेद स्पष्टपणे मान्य केला आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उपचारांचा अनुकूल परिणाम झाला नाही एवढ्यावरून डॉक्टरला निष्काळजी ठरविता येणार नाही; त्या परिस्थितीत सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने जे केले असते ते त्याने केले की नाही, हे पाहिले पाहिजे. हा निर्णय आपण आपल्या बचावासाठी वारंवार सांगतो. परंतु त्याची दुसरी बाजू आपण सांगत नाही. वाईट निकालाने निर्णय वाईट ठरत नसेल, तर चांगल्या निकालाने तो चांगलाही ठरत नाही. पहिले वाक्य हवे असेल तर दुसरेही पत्करावे लागेल.

'नशीब वाईट' हा शब्द आपल्यासाठी फार मोहाचा आहे. पोकरच्या प्रत्येक टेबलावर बॅड बीटच्या कथा सांगितल्या जातात आणि प्रत्येक कथेत सांगणाऱ्याचेच एक्के हरलेले असतात. स्वतः सत्तीवर जिंकलेला डाव कोणी सांगत नाही. आपल्या भोजनगप्पाही अशाच नाहीत काय? म्हणून दैवाकडे बोट दाखविण्याचा अधिकार कमवावा लागतो. निर्णयाच्या वेळीच त्याची कारणे लिहून ठेवली होती काय? निकाल न सांगता दुसऱ्या तज्ज्ञास विचारले, तर तो तेच करील काय? आणि हेच 'दुर्दैव' आपल्याकडे वारंवार येते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असेल तर ते दुर्दैव नव्हे, ती सवय आहे.

आणखी एक मर्यादा मान्य केली पाहिजे. पोकरचा खेळाडू हजारो डाव खेळतो. दीर्घकाळात हिशेब जुळतो, असे तो स्वतःचे समाधान करू शकतो. डॉक्टरही करू शकतो. आईला ते समाधान उपलब्ध नाही. तिच्याजवळ तो एकच डाव असतो. त्या मुलीच्या आईपुढे मी शक्यतेची भाषा काढली असती तर तो क्रूरपणा झाला असता. ही भाषा नंतर बोलावयाची नसते, आधी बोलावयाची असते. घरी पाठवितानाच सांगावे की अशा शेकडो मुलांत एखाद्याचा ताप वेगळा निघतो, तो कोणाचा हे मला आज ओळखता येत नाही, म्हणून या खुणा पाहा आणि रात्री कधीही या. हे ऐकून पालक घाबरतील अशी आपली समजूत असते. माझा अनुभव असा की खरे सांगितलेले पालक अधिक दक्ष होतात आणि आपल्या बाजूचे राहतात.

त्या मुलीचे वडील साधारण तीन वर्षांनी पुन्हा माझ्याकडे आले. कडेवर धाकटा मुलगा, दीड वर्षाचा; एक दिवसाचा ताप. मी तपासले. खेळत होता, पाणी पीत होता, अंगावर डाग नाही. बहिणीच्या वेळी जे आढळले होते, नेमके तेच. माझा हात थरथरला हे लपविण्यात अर्थ नाही. त्यांनी विचारले, "उस दिन आपने क्या देखा था, डॉक्टरसाब?" मी जपून ठेवलेली ती जुनी पत्रिका काढली आणि ओळ अन् ओळ वाचून दाखविली. मग या मुलाला काय आढळले ते सांगितले, आणि याला घरी पाठविणेच योग्य आहे असे म्हणालो. आम्ही दोघेही काही वेळ गप्प होतो. भरती करून घेणे किती सोपे होते! त्यांनी मुलाला उचलले आणि ते घरी गेले. मी रात्री दोनदा फोन केला. मुलगा बरा झाला. आता तो किशोरवयात आहे. परंतु तो बरा झाला म्हणून माझा निर्णय योग्य ठरला, असे मी मानीत नाही. तो योग्य असेल तर मी सही केली त्या क्षणीच होता, आणि बहिणीच्या वेळीही होता.

वाचकांतील जे डॉक्टर नाहीत त्यांना माझी विनंती आहे. निकाल वाईट लागला तर जरूर प्रश्न विचारा. तो तुमचा अधिकार आहे. परंतु "असे का झाले?" याआधी "तुम्ही काय पाहिले होते, कोणत्या शक्यता धरल्या होत्या, आणि असे का ठरविले?" हे विचारा. ज्याने विचार केला आहे तो सांगू शकेल. ज्याने केला नाही त्याची तेथेच परीक्षा होईल. आणि सर्व चांगले झाले तरी पेढ्यांबरोबर हाच प्रश्न घेऊन या.

डॉक्टर मित्रांपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या संस्थेने दर तीन महिन्यांनी एक बैठक घ्यावी. तीत प्रकरण मांडणाऱ्याने रुग्णाची हकीगत आपल्या निर्णयाच्या क्षणापर्यंतच सांगावी आणि निकाल बंद लिफाफ्यात ठेवावा. उपस्थितांनी आपापले मत लिहून द्यावे. मगच लिफाफा उघडावा. दगावलेल्या रुग्णांइतकीच बऱ्या झालेल्या रुग्णांची प्रकरणेही त्यात असावीत, म्हणजे लिफाफ्यात काय आहे याचा अंदाज कोणाला बांधता येणार नाही. खर्च काहीच नाही. अडचण एकच आहे: आपले चांगले निकाल कोणी तपासावे ही आपली इच्छा नसते.

ती अडचण दूर करण्यास कोणीतरी आरंभ केला पाहिजे. पहिल्या बैठकीसाठी माझे नाव लिहून घ्यावे. रात्री एक वाजता आलेला फोन आणि आठ महिन्यांचे ते बाळ, हे माझे प्रकरण असेल. लिफाफ्यात काय आहे हे या वाचकांना आता ठाऊक झालेच आहे. तरीही मत आधी लिहूनच द्यावे.